मिरचीने राखलेली विमानाची वाट

दरवर्षी बाजारात पहिली ओली लाल मिरची आली की मी दोन किलो कळीचा चुना विकत घेते. जळगावात आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार आता माझ्याकडे जरा संशयानंच बघतो. "मावशी, तुमच्या घराला ऑइलपेंट," तो परवा म्हणाला, "आणि पान तुम्ही खात नाही. मग एवढा चुना जातो कुठं?" मी म्हटलं, "विमानाला." तो मोकळेपणानं हसला. निवृत्त बाईचं डोकं थोडं सरकायचंच, असं त्यानं मनाशी ठरवलं असणार. मी खुलासा केला नाही. मिरचीच्या ढिगाशेजारी उभं राहून मनसोक्त ठसकून घेतलं, डोळे पुसले आणि घरी आले.

तो ठसका मला दरवर्षी हवाच असतो. तो लागला की मी थेट दोंडाईच्याजवळच्या एका माळावर जाऊन पोचते. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव छापून आलं की लोक फोटो काढायला जातात, आणि फोटो काढणारे नेमके मधूनच चालतात.

ऐंशीच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांची गोष्ट. मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे नकाशाची नक्कल करणारी बाई. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या रेघांवर मेणकापड पसरायचं आणि काळ्या शाईनं त्या गिरवायच्या. चुकलं तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायचं. रस्ते, पूल, मोऱ्या मी इतक्या गिरवल्या होत्या, पण त्यातला एकही डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्यामुळे त्या डिसेंबरात साहेब जेव्हा म्हणाले, "मोजणीचा माणूस रजेवर आहे, तुम्हीच जाऊन त्या जुन्या विमानपट्टीचा नकाशा करून आणा," तेव्हा मला आनंदच झाला. दाराशी पोचले तेव्हा ते आणखी म्हणाले, "तिथं आता काही राहिलेलं नाही. लोकांनी मिरच्या टाकून अतिक्रमण केलंय. पडीक असंच दाखवा. समिती येऊन बघेल आणि प्लॉट पाडायला जागा मोकळी होईल."

मी मान हलवली. ट्रेसरनं मान हलवायची असते.

बसमधून उतरून माळावर गेले तर समोर सगळं लाल. मिरची वाळत घालायच्या जागेला तिकडे पथारी म्हणतात. इतकी मोठी पथारी मी जन्मात पाहिली नव्हती. डावीकडे लाल, उजवीकडे लाल, बायका ओळीनं बसून देठ खुडताहेत, तोंडाला पदर बांधलेले, आणि त्या दोन लाल पट्ट्यांच्या मधोमध सरळ, रुंद, रिकामी मुरमाची जमीन. ऐन मोसमात, एवढ्या गर्दीत, ओंजळभर मिरचीसुद्धा त्या रिकाम्या जागेत नव्हती. मला ते फार विचित्र वाटलं. मी सरळ त्या मोकळ्या जागेतूनच चालायला लागले.

"ताई, मझारतीन नका येवू! कडेकडेनं या!"

एक उंच, वाळका माणूस हातातला खराटा उंचावून ओरडत होता. खाकी सदरा, डोक्याला पांढरं फडकं. मी बाजूला झाले. तो जवळ आला आणि एखाद्या घरात चुकून चपला घालून शिरलेल्या पाहुणीला सांगावं तसं समजुतीनं अहिराणीत म्हणाला, "हाई इमाननी वाट शे."

"शेवटचं विमान कधी आलं होतं?"

"मी धाकला व्हतू तव्हय."

"म्हणजे चाळीसएक वर्षं झाली की!"

"व्हई," तो म्हणाला. "पन वाट तं त्यानीच शे ना."

हे आबा बैसाणे. आमच्याच खात्याचे चौकीदार. त्यांच्या आधी त्यांचे वडील या पट्टीवर होते, इंग्रजांच्या काळात, जेव्हा विमानं लहान आणि कापडी पंखांची असत आणि लांबच्या प्रवासात तेल-पाण्यासाठी वाटेत कुठंही उतरत. त्या वेळचं थोडं काही अजून उरलं होतं. विमान उभं करायची पत्र्याची शेड, तेलाचे डबे ठेवायची विटांची खोली, वाऱ्यानं विमान उलटू नये म्हणून दोर बांधायच्या जमिनीतल्या लोखंडी कड्या. त्या कड्यांना आबा दर दसऱ्याला तेल लावत. शेळी बांधायला त्याहून सोयीची कडी त्या गावात नसेल, पण एकाही शेळीला तो मान मिळाला नव्हता.

मी आठवडाभर राहिले, इंदूअक्कांच्या घरी. अक्का देठ खुडणाऱ्या बायकांच्या पुढारी. रात्री त्या झोपेतही बोटं हलवतात असं त्यांची सून सांगायची, आणि अक्का तिला लटकं रागवायच्या. दिवसा मी टेप धरायचे, सून दुसरं टोक धरायची, आणि आबा आमच्या मागून पावलं टाकत यायचे. टेपनं जे अंतर दाखवावं, ते त्यांनी पावलांनी आधीच सांगितलेलं असायचं. सुरुवातीला मी त्यांची चूक पकडायच्या बेतात होते. तिसऱ्या दिवशी मी तो नाद सोडला.

पट्टीच्या दोन्ही कडांना ठराविक अंतरावर चुन्यानं रंगवलेले दगड होते. मला वाटलं, खात्याचे असतील. "खातानं काय शे त्यान्हामा?" अक्का म्हणाल्या. "हाऊ दगड आमना घरना शे. मी लगीन करीसन उनू, तव्हयपाईन मीच त्याले चुना लावस."

मग हळूहळू मला सगळं कळलं. खात्यानं चुना, खराटा, मजूर, सगळं कधीच बंद केलं होतं. पट्टीत बाभळी उगवायला लागल्या तेव्हा आबांनी एकट्यानं काही वर्षं त्या उपटल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हे एका माणसाच्या हातचं काम नाही. त्याच सुमारास गावात मिरची वाढली होती आणि तिला कडक, चिखल न होणारी जमीन हवी होती. आबांनी गावाला सांगितलं, दोन्ही कडांना मिरची टाका, मधली वाट सोडा. ज्या घराची मिरची, त्या घरानं आपल्या समोरच्या तुकड्यातलं गवत काढायचं, बाभळीचं रोप दिसलं की उपटायचं, खडे वेचायचे आणि आपला एक दगड पांढरा ठेवायचा. आणि एक कडक नेम. पट्टीवर चाक आणायचं नाही. मिरची डोक्यावरून न्यायची, डोक्यावरून आणायची. चाक ज्याचं उतरायचं त्याचंच उतरेल, दुसऱ्या कुणाचं नाही.

कुणी लिहून दिलेला हुकूम नव्हता. पण मुली सासरी गेल्या तरी माहेरी आल्यावर विचारायच्या, आपला दगड रंगवला का? वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर जी कापडी पिशवी लागते, तीसुद्धा अक्का दरवर्षी जुन्या लुगड्याची शिवायच्या. विमान नसलं तरी ती लागतच होती. वारा फिरला की मिरचीवर धूळ येते, आणि ते बायकांना आधी कळावं लागतं. चाळीस वर्षं एकही विमान न आलेला तो विमानतळ मी पाहिलेल्या कुठल्याही चालू बसस्टँडपेक्षा स्वच्छ होता. मला आबांचं इतकं कौतुक वाटलं की मी उगाचच टेप गुंडाळत बसले.

एका दुपारी, शेडच्या सावलीत भाकरी खाताना, मी आबांना विचारलं की एवढा जीव का लावलात. त्यांनी भाकरी खाली ठेवली. मग वडिलांची गोष्ट सांगितली. एकदा एक विमान उतरलं, उन्हाळ्यात. चालवणारा गोरा खाली आला, चेहरा भाजलेला, आणि त्यानं खुणेनं पाणी मागितलं. वडिलांनी इकडंतिकडं पाहिलं. गावातल्या कुणाला तरी पाणी आणायला सांगावं म्हणून ते वळले, तर त्या माणसानं त्यांच्याच हातातला लोटा घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. लोटा परत देताना हात मिळवला.

"गावमा मन्हा बापना हातनं पानी कोनी पेत नव्हतं, ताई," आबा म्हणाले. "वरथून उतरना तो माणूस पेना."

त्या गोऱ्याला बहुधा नुसती तहान लागली होती. त्याला गावातलं काय माहीत असणार? हे मला तेव्हाही समजत होतं आणि आबांनाही समजत असावं. पण घोटभर पाण्याची ती आठवण एका घरानं दोन पिढ्या जपली आणि तिच्यापायी अख्खा माळ जपला. ज्या गावात त्यांच्या वडिलांना ओट्यावर बसू दिलं जात नव्हतं, तेच गाव आता मोसमाच्या आधी आबांच्या दारी येऊन विचारायचं, "आबा, औंदा आमले जागा कोठे?" आणि आबा कुणालाही उणं न बोलता जागा दाखवायचे. सांगायला लाज वाटत नाही, ती भाकरी मी डोळे पुसत संपवली. मिरचीमुळे तिथं सगळेच डोळे पुसायचे, ते एक बरं होतं.

आता माझी चूक. मी खेड्यातल्या लोकांना शहाणपण शिकवायला गेले.

समिती गुरुवारी येणार असा निरोप मंगळवारी आला. त्याच दिवशी आबांना नोकरीचे कागद घेऊन धुळ्याला बोलावणं होतं, ते गेले. मी अक्कांना आणि चार जाणत्यांना बसवून साहेबांचं बोलणं सांगितलं. "मिरची दिसली की अतिक्रमण म्हणतील. पट्टी जाईल. त्याआधी सगळी मिरची उचला," मी ठासून सांगितलं. मला वाटलं, मी फार मोठी मदत करतेय.

बुधवारी पहाटे मळभ आलं आणि अवेळी भुरभुर झाली. मिरची भिजायच्या आत हलवायची, आणि समिती यायच्या आत हलवायची. एवढी मिरची डोक्यावर किती वाहणार? कुणीतरी गाडी जुंपली. मग दुसऱ्यानं जुंपली. ज्या लोकांनी इतकी वर्षं पट्टीवर चाक येऊ दिलं नव्हतं, त्यांनीच पट्टी वाचवायच्या घाईत ओल्या मुरमावरून बैलगाड्या आडव्या घातल्या. मी बाजूला उभी राहून "लवकर, लवकर" म्हणत होते. दहा वाजेतो माळ मोकळा झाला. लाल रंग गेला आणि त्याखाली काय उरलंय ते दिसलं. चारचार बोटं खोल चाकोऱ्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

दुपारच्या गाडीनं आबा आले. त्यांना पाहून सगळे कडेला सरकले. ते पट्टीच्या कडेनं चालत आले, एका चाकोरीपाशी बसले आणि तिच्यात हात घातला.

"चाक कोनी घालं?"

"आम्हीच, आबा," अक्का म्हणाल्या. "घाई व्हती."

"डोकावर लई जावाले काय व्हयनं व्हतं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "आबा, मी सांगितलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तुमले माहीत नव्हतं, ताई. येस्ले माहीत व्हतं." मग उठले, शेडमधून धुमस काढली, जमीन ठोकायची ती जड लाकडी धुमस, आणि पहिल्या चाकोरीशी उभे राहिले.

त्यानंतर जे झालं ते कुणी कुणाला सांगून झालं नाही. घराघरातून घमेली निघाली. माळाच्या टोकाच्या खाणीतून मुरूम आला, या खेपेला डोक्यावरून. प्रत्येक घर आपापल्या दगडासमोर उभं राहिलं. बायका मुरूम पसरायच्या, वर पाणी शिंपडायच्या, गडी धुमस मारायचे. मी साडीचा पदर खोचून घमेली उचलली. माझ्या हातांनी तोवर शाईच्या दौतीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, आणि नंतर दोन दिवस ते पेन धरू शकले नाहीत. दिवस मावळेपर्यंत निम्म्या चाकोऱ्या बुजल्या. उरलेल्या सकाळी बुजवायच्या ठरल्या. आणि घराघरांच्या अंगणात ढीग घातलेली ती अर्धओली मिरची तापायला लागली होती. ढिगात मिरची काळी पडते, बुरशी धरते. ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण घमेलं खाली ठेवून मिरची बघायला कुणी गेलं नव्हतं.

गुरुवारी जीप आली तेव्हा काम चालूच होतं. आमचे साहेब पुढं, आणि समितीतले एक वयस्कर गृहस्थ, हातात काठी, फार कमी बोलणारे. साहेबांनी मोकळा माळ पाहिला आणि ते जरा गोंधळले. "इथं मिरची होती ना?"

मी मनात म्हटलं, नव्हती म्हणा. आबा, एवढं एकदाच खोटं बोला.

"व्हती, साहेब," आबा म्हणाले. "दर सालले ऱ्हास. काल हटाडी दिन्ही, तुम्ही येवाव म्हनीसन. आनि ह्या चाकोऱ्या बी आमन्याच शेत."

साहेबांचा चेहरा उजळला. आबा थांबले नाहीत. "मिरची नही ऱ्हाती तं आठे बाभूळनं रान व्हतं. मी एकला काय करतू? ह्या मिरचीवालासनीच इमाननी वाट राखी."

वयस्कर गृहस्थ काठी टेकत पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मधूनमधून काठीनं जमीन ठोकत होते. एका दगडाशी थांबून त्यांनी बोट लावलं, बोटाला आलेला चुना पाहिला. मग माझ्याकडे वळून रुंदी विचारली. मी नकाशा उलगडला. त्यात सगळे दगड होते, आणि प्रत्येक दगडाशेजारी बारीक अक्षरात त्या घराचं नाव. पडीक हा शब्द लिहायची जागा मी कोरी सोडली होती. ते नावं वाचत राहिले.

"यांची मिरची आता कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"घरोघर ढीग घातलाय," मी म्हटलं. "खराब होतेय."

"मग ती आधी परत आणायला सांगा," ते म्हणाले, आणि जीपकडे जाताना मागं वळून आबांकडे पाहून, "डोक्यावरून."

बरीचशी मिरची वाचली, थोडी काळी पडली. कागद यायला पावसाळा उजाडला. पट्टी राहील आणि मोसमात कडेला मिरची वाळवायला हरकत नाही, असं त्यात होतं. साहेब काही महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते मला चाललं. त्यानंतरच्या मोसमात मी सुट्टी काढून गेले, तेव्हा आबांनी ईशान्येच्या कोपऱ्यातला एक डुगडुगणारा दगड दाखवला. त्याला कुणी घर नव्हतं. "हाऊ तुमना," ते म्हणाले. मला आयुष्यात बक्षीस म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ आणि हा दगड मिळाला. घड्याळ कधीच बंद पडलं. चुना कशाला लागतो ते आता वाचकांना कळलं असेल.

मी दरवर्षी जात राहिले. आबा निवृत्त झाले तरी पट्टी सोडत नव्हते. नवा चौकीदार नेमलेला नव्हता, आणि नेमला असता तरी त्याला बिचाऱ्याला खराटा मिळाला नसता.

नव्वदच्या दशकातला एक रविवार. ऐन मोसम, दोन्ही कडा लाल. मी माझ्या दगडाशी चुन्याचा डबा घेऊन बसले होते. आधी आवाज आला. अक्कांनी हातातली मिरची टाकली. एक लहानसं, पांढरं विमान माळावरून गेलं, वळलं, परत आलं. बहुधा कुणी शिकाऊ, किंवा काही बिघडलं असेल. आम्हाला ते कधी नीट कळलं नाही. त्याला वरून काय दिसलं असेल ते मात्र मला कळतं. लाल, मग सरळ मोकळी वाट, मग लाल, आणि दोन्ही काठांना पांढरे ठिपके. खांबावर अक्कांचं हिरवं लुगडं वाऱ्यानं भरलेलं होतं.

ते उतरलं. वाऱ्यानं कडेची मिरची उडाली, सगळं गाव एकदम ठसकायला लागलं, लोक शिंकत, रडत, हसत कडेकडेनं विमानाकडे पळाले. चालवणारा उतरला आणि तोही पहिल्याप्रथम शिंकला. अक्कांच्या सुनेनं त्याला पाण्याचा तांब्या दिला.

आबा विमानाकडे गेलेच नाहीत. ते उलट दिशेला चालत निघाले, जिथं चाकं पहिल्यांदा टेकली होती तिकडे. मी मागं गेले. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आम्ही जिथं बुजवल्या होत्या, त्याच्या अगदी जवळ ती जागा होती. आबा गुडघ्यावर बसले. विमानाच्या चाकाची खूण मुरमावर उमटली होती, नुसती उमटली होती. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि कडेपासून कडेपर्यंत फिरवला, त्या बुधवारी चाकोरीत हात घातला होता तसा. या वेळी हात आत गेला नाही.

"बसनं नही," ते म्हणाले. "ताई, चाक रुतनं नही."

त्यांनी माझ्या डब्यातला उरलेला चुना मागून घेतला आणि त्या खुणेभोवती बोटांनी रेघ ओढली. विमान तासाभरात उडून गेलं. ती रेघ आबांनी पाऊस येईपर्यंत जपली, आणि तोवर सारं गाव ती बघायला येत राहिलं, मधून कुणी चाललं नाही, सगळे कडेकडेनं आले.